वाचायला गणिताचं पुस्तक मागणाऱ्या मुलीला मी गाईड देणार नाही

प्रति,
शालेय ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या जिल्हास्तरीय समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : सहावी ते आठवीच्या मुलांसाठी गणिताची वाचनीय पुस्तकं मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

28 मार्चला दुपारी टेम्पोतून आमच्या शाळेत ग्रंथालयाची दोन खोकी उतरली. सोबत पुरवठादाराचं चलन होतं आणि पुस्तकं मिळाल्याची पोच आजच्या आज सही-शिक्क्यानिशी पाठवा, असा निरोप होता. मी सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. गेली सहा वर्षं ग्रंथालयही माझ्याकडे आहे. मुख्याध्यापकांनी पोच दिली, मी दाखल नोंदवही उघडली. एकूण पुस्तकं 112. तुमच्या यादीत ‘गणित’ या शीर्षकाखाली दाखवलेली 14. त्यांतली आठ शिष्यवृत्ती परीक्षेची मार्गदर्शकं, तीन पाढ्यांची, दोन झटपट गुणाकाराच्या युक्त्यांची आणि एक नवोदय प्रवेश परीक्षेचा प्रश्नसंच.

सातवीतली एक मुलगी मला पुस्तकांवर क्रमांक घालायला मदत करत होती. गोष्टींची पुस्तकं ती आठवड्याला दोन या वेगानं संपवते, आणि वर्गात गणिताचा तास संपला तरी तिची वही बंद होत नाही. तिनं चौदाच्या चौदा पुस्तकं चाळली, एकावर एक नीट रचून ठेवली आणि मला विचारलं, “बाई, यातलं वाचायचं कोणतं?”

मला उत्तर देता आलं नाही. मे महिन्यात मी कार्यालयाकडे अर्ज केला, ऑगस्टमध्ये स्मरणपत्र दिलं. उत्तर आलं नाही. गेल्या आठवड्यात यंदाच्या पुस्तकांची यादी मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आली. गणिताची तीच 14 पुस्तकं, त्याच क्रमानं. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. हे पत्र पालकांनी वाचावं, इतर शाळांतल्या गणित शिक्षकांनीही वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

सगळ्यात आधी मार्गदर्शकांबद्दल. स्पर्धा परीक्षांना माझा विरोध नाही. माझी मुलं त्या परीक्षांना बसतात आणि मी सकाळी लवकर येऊन त्यांची तयारी करून घेते. पण मार्गदर्शक हे सरावाचं साहित्य आहे. पहिल्या मुलानं पेन्सिलीनं गोल भरले की दुसऱ्यासाठी ते जवळपास संपतं, आणि परीक्षा झाली की पहिलाही ते पुन्हा उघडत नाही. गणिताचं पाठ्यपुस्तक आठवीपर्यंत प्रत्येक मुलाला मोफत मिळतं, त्यात उदाहरणसंग्रह आहेतच. मग ग्रंथालयाच्या तुटपुंज्या पैशातून पुन्हा उदाहरणांचेच संच का घ्यायचे? समग्र शिक्षा योजनेतलं ग्रंथालय अनुदान शाळेच्या प्रकाराप्रमाणे वर्षाला 5,000 ते 20,000 रुपये एवढंच आहे. त्यातल्या प्रत्येक शंभर रुपयांना मोल आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) अनुसूचीत शाळेच्या ग्रंथालयाविषयी फार थोडं लिहिलं आहे, पण जे आहे ते स्पष्ट आहे : प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि तिथे वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरची पुस्तकं मिळावीत. सर्व विषयांत गणित येतं. मराठीचं पुस्तक म्हणून आपण मुलांना व्याकरणाचं गाईड देत नाही, कथा आणि कविता देतो. गणिताच्या बाबतीत तोच न्याय का लागू होत नाही, हे मला समितीकडून जाणून घ्यायचं आहे.

दुसरी गोष्ट मी नाइलाजानं सांगते. पाढ्यांच्या तीन पुस्तकांपैकी एकात 19 सक 116 छापलं आहे. सहावीतल्या एका मुलानं ते पाठ केलं. मी फळ्यावर 114 लिहिलं तेव्हा तो उभा राहिला आणि पुस्तक दाखवून म्हणाला, “बाई, छापलंय.” त्याची काहीच चूक नव्हती. छापलेलं खरं असतं, हे आम्हीच त्याला शिकवलं आहे. त्या दिवशी आम्ही 19 सहा वेळा मिळवून पाहिले, मग 20 सक 120 मधून 6 वजा करून पाहिले, आणि मग त्यानं स्वतःच्या हातानं ते 116 खोडलं. तास चांगला झाला. पण हे पुस्तक यादीत घालण्यापूर्वी समितीतल्या एकाही सदस्यानं उघडून पाहिलं नव्हतं, असाच निष्कर्ष मला काढावा लागतो. ही चूक मी अर्जासोबत पानाची छायाप्रत जोडून कळवली होती. तेच पुस्तक यंदाच्या यादीत पुन्हा आहे.

मला कोणती पुस्तकं हवी आहेत, हे सांगायला मला जास्त जागा लागेल. कारण खरा प्रश्न तोच आहे.

गेल्या वर्षी मी सहावीच्या वर्गात एक गोष्ट सांगितली. ब्राझीलच्या एका गणित शिक्षकानं मालबा ताहान या टोपणनावानं लिहिलेल्या आणि 1938 मध्ये आलेल्या पुस्तकातली. त्यात उंट आहेत. माझ्या वर्गातल्या तीन मुलांच्या घरी मेंढ्या आहेत, म्हणून मी उंटांच्या मेंढ्या केल्या. वडील 35 मेंढ्या मागे ठेवून जातात आणि सांगून ठेवतात : निम्म्या थोरल्याला, एक तृतीयांश मधल्याला, एक नवमांश धाकट्याला. पस्तीसचे निम्मे साडेसतरा. मेंढी अर्धी कशी करायची? वाटसरू म्हणून आलेला एक हिशेबनीस मित्राची मेंढी त्यात घालतो. छत्तीस होतात. थोरल्याला 18, मधल्याला 12, धाकट्याला 4. तिघांनाही ठरल्यापेक्षा जास्तच मिळालं, तक्रार कोणाचीच नाही. बेरीज 34. दोन मेंढ्या उरतात. मित्राची मित्राला परत जाते आणि एक हिशेबनिसाला मिळते.

वर्ग आधी खूश झाला आणि मग अस्वस्थ झाला. मेंढपाळाचा मुलगा म्हणाला, “पण जास्तीची मेंढी आली कुठून? कुणाचीतरी कमी झाली असणार.” पुढचा अर्धा तास मी काही शिकवलं नाही. मुलांनी अपूर्णांकांची बेरीज स्वतः केली. छेद 18 करायचा हे त्यांचं त्यांना सुचलं. नऊ, सहा आणि दोन मिळून सतरा अठरांश. वडिलांनी पूर्ण कळप वाटलाच नव्हता! भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज हा सहावीच्या अभ्यासक्रमातलाच भाग आहे. एरवी तो शिकवायला मला तीन-चार तास लागतात आणि तरी मुलं मध्येच छेदात छेद मिळवतात. त्या दिवशी कोणी मिळवला नाही. तास संपल्यावर चार मुलांनी मला विचारलं, हे पुस्तक आपल्या कपाटात आहे का.

अशी पुस्तकं मला हवी आहेत. ज्यांत प्रश्न गोष्टीच्या पोटातून येतो, उत्तर पुढच्याच ओळीत उलटं छापलेलं नसतं, आणि मुलाला घरी जाऊन आईला, भावाला तो प्रश्न घालावासा वाटतो.

आपल्या मातीत अशा पुस्तकांचं साहित्य किती आहे! दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिकवत होते, 1930 पासून 1962 पर्यंत. विद्यापीठात पद नाही, मोठी पदवी नाही. 1949 मध्ये त्यांना 6174 या संख्येचा गुण सापडला. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतो आणि तिथेच थांबतो. माझ्या मुलांनी जन्मसालं घेतली. 2012 : 2210 वजा 122 म्हणजे 2088. मग 8820 वजा 288 म्हणजे 8532. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. 2012 ला आणि 2013 ला जन्मलेली मुलं दोन्ही तिसऱ्या पायरीला पोहोचली, तेव्हा वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गात ऐकू गेला. मग मुलांनी आजी-आजोबांची सालं आणली, ट्रॅक्टरच्या पाटीवरचे आकडे आणले. वजाबाकीची जेवढी उदाहरणं त्यांनी त्या आठवड्यात केली, तेवढी मी वर्षभरात देऊ शकले नसते. 1975 मध्ये अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या प्रसिद्ध सदरातून या शिक्षकाची ओळख जगाला करून दिली. आमच्या दोन्ही खोक्यांत त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

आम्ही सहलीला चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जातो. मुलं देवळात जातात, धबधब्याकडे पळतात. तिथे सापडलेला, सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा एक शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापला आणि त्याला देणग्या मिळाल्या, असं तो लेख सांगतो. गणिताची पुस्तकं मुलांपर्यंत पोहोचावीत म्हणून नेमून दिलेल्या उत्पन्नाची नोंद आपल्याकडे दगडावर कोरलेली आहे. भास्कराचार्यांची लीलावती हा गणिताचा ग्रंथ 1150 चा. त्यातला वाऱ्यानं मोडलेला बांबू आजही तसाच वर्गात चालतो : 32 हात उंच बांबू मोडून त्याचं टोक बुंध्यापासून 16 हातांवर टेकलं, तर तो कितव्या हातावर मोडला? बाराव्या. पायथागोरसचा सिद्धांत शिकवताना मी हे उदाहरण घेते आणि मुलं मैदानावर दोरी घेऊन पडताळा पाहतात.

एक प्रसंग आणखी. पालकसभेला एका मुलीची आजी आली होती. मी अपूर्णांकांबद्दल बोलत होते. आजी म्हणाल्या, “आम्हाला पाऊणकी पाठ होती,” आणि म्हणूनच दाखवली : पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, न अडखळता शेवटपर्यंत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, साडेतीनची औटकी. अपूर्णांकांचे हे पाढे एकेकाळी आपल्या गावोगावी मुलं म्हणत होती. त्यावर, ठिपक्यांच्या रांगोळीवर, सागरगोट्यांच्या डावावर, बाजारातल्या जुन्या मापांवर कोणी मुलांसाठी चित्रांसह पुस्तक लिहिलं असेल तर ते शोधून आणा. नसेल तर लिहून घ्या. माझ्याकडे ती आजी आहे, प्रत्येक गावात अशी एक तरी असेल.

पुस्तकंच नाहीत, असं मला एका अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं. मला ते मान्य नाही. गणितज्ञ मंगला नारळीकर यांची ‘गणितगप्पा’ मराठीत आहे आणि ती माझ्या मुलांच्याच वयासाठी आहे. त्या आज आपल्यात नाहीत, त्यांची पुस्तकं तरी शाळांत असावीत. पुण्याच्या अरविंद गुप्ता यांनी आपल्या संकेतस्थळावर कितीतरी पुस्तकं मराठीत मोफत ठेवली आहेत. त्यांतल्या एकाची तीस पानं मी स्वतःच्या खर्चानं छापून, शिवून घेतली. ते पुस्तक कपाटात नाही, कारण कायम कोणाच्या तरी दप्तरात असतं. प्रथम बुक्सनं 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी कोणीही छापू शकतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आहे. कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं सुंदर राव यांचं पुस्तक 1893 मध्ये मद्रासला निघालं. त्यावर आता कोणाचा स्वामित्वहक्क राहिलेला नाही, ते मराठीत आणायला कोणाची परवानगी लागणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही (2020) गणित आनंददायी व्हावं म्हणून कोडी आणि खेळ नेहमी वापरावेत असं म्हटलं आहे. ते धोरण प्रशिक्षणात आम्हाला वाचून दाखवलं जातं. खरेदीच्या यादीत ते उतरत नाही.

भाषेचाही विचार व्हावा. आमच्याकडे सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत. मूल घरी पाऊण म्हणतं, वर्गात थ्री फोर्थ म्हणतं आणि पुस्तकात तीन चतुर्थांश वाचतं. या तिन्ही शब्दांना सोबत घेऊन जाणारं पुस्तक त्याला हवं आहे. निव्वळ शब्दकोशातून उतरवलेलं भाषांतर मुलं दोन पानांत खाली ठेवतात, हे मी पाहिलं आहे.

आता खरेदीच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. पुस्तकं मार्चअखेरीस येतात. एप्रिलमध्ये परीक्षा, मग सुट्टी. म्हणजे बहुतेक शाळांत खोकी उघडतात जूनच्या शेवटी. प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत येते. कोडं सोडवायला मुलं जोडीनं बसतात, एका प्रतीवर भांडणं होतात. आणि पुस्तक हरवलं तर किंमत शिक्षकाच्या पगारातून वसूल होईल, या भीतीनं अनेक शाळांत कपाटाला कुलूप असतं. ही भीती मलाही आहे, मी नाकारत नाही. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (2017) वर्षाला दर हजार देवघेवींमागे पाच पुस्तकं हरवणं रास्त धरलं आहे, अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर. दोरीवर पुस्तकं टांगून ती मुलांच्या हाती पडतील असं बघणाऱ्या शिक्षकाला एवढं संरक्षण तुम्ही लेखी द्यायला हवं.

माझ्या मागण्या या आहेत.

परीक्षांची मार्गदर्शकं आणि प्रश्नसंच ग्रंथालयाच्या निधीतून घेणं बंद करा. ती लागतात, पण त्यांची तरतूद वेगळी करा.

ग्रंथालयासाठी येणाऱ्या रकमेचा किमान दहावा हिस्सा गणिताच्या वाचनीय पुस्तकांवर खर्च व्हावा. कमी शीर्षकं घ्या, पण प्रत्येकाच्या चार-पाच प्रती द्या.

यादी अंतिम करण्यापूर्वी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात एक दिवस नमुना प्रती मांडा. प्रत्येक केंद्रातून एक गणित शिक्षक आणि सहावी ते आठवीची दोन-तीन मुलं तिथे येऊ देत. मुलांना पुस्तकं हाताळू द्या आणि ती कोणत्या पुस्तकापाशी थांबतात ते टिपून ठेवा. निदान काही रक्कम शाळेला स्वतःच्या पसंतीनं खर्च करू द्या.

खुल्या परवान्याची, म्हणजे कोणालाही छापता येणारी मराठी पुस्तकं जिल्ह्यानं एकत्र छापून घ्यावीत.

पुस्तकं ऑगस्टपूर्वी शाळेत यावीत. चूक सापडलेलं पुस्तक पुरवठादारानं बदलून द्यावं, आणि तोपर्यंत ते यादीतून काढलं जावं. 19 सक 116 छापलेल्या पुस्तकापासून सुरुवात करा. त्याच्या प्रती इतर शाळांतही गेल्या आहेत.

हरवलेल्या आणि झिजलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाबाबत, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर कमी करण्याबाबत, स्पष्ट लेखी सूचना काढा.

शालेय मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2022 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं नव्हतं. या आकड्यावर आमच्या बैठका होतात, आम्हाला आणखी सराव घ्यायला सांगितलं जातं. सराव आम्ही घेतो. पण ज्या विषयाचं एकही पुस्तक मुलानं कधी आवडीनं हातात घेतलेलं नाही, त्या विषयात ते किती दिवस ओढूनताणून चालेल?

22 डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन आहे. समितीतल्या कोणीही त्या दिवशी आमच्या शाळेत यावं, अशी मी विनंती करते. मुलं 6174 करून दाखवतील, मेंढ्यांची वाटणी करून दाखवतील. ती चौदा पुस्तकंही मी टेबलावर मांडून ठेवीन, तुम्ही स्वतः चाळून पाहा.

मार्चमध्ये मला प्रश्न विचारणारी मुलगी आता आठवीत आहे. आमची शाळा आठवीपर्यंतच आहे. एप्रिलनंतर ती तालुक्याच्या हायस्कूलला जाईल. यंदाची यादी अजून अंतिम झालेली नाही, म्हणजे तिच्या हाती एखादं तरी पुस्तक देण्याएवढा वेळ आपल्याकडे शिल्लक आहे. यादी कधी बदलणार, ती तारीख मला लेखी कळवावी.

आपली,
उच्च प्राथमिक शाळेतली एक गणित शिक्षिका